करुणेलाही सराव लागतो

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत बौद्ध ध्यानपद्धती आणि मनःशांती या विषयावर आलेला लेख आणि त्यावर पुढच्या आठवड्यात छापून आलेले एका वाचकाचे पत्र, दोन्ही वाचले. श्वासाकडे लक्ष देऊन रोज अर्धा तास बसले की ताण उतरतो, झोप सुधारते आणि कामात चित्त लागते, असे लेखकाचे थोडक्यात म्हणणे आहे. पत्रलेखकाने त्यावर झोड उठवली आहे. भोवती एवढे दुःख असताना डोळे मिटून स्वतःच्या शांतीची काळजी करणे हा पळपुटेपणा आहे आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेला धम्म समाज बदलण्यासाठी आहे, आसनावर बसून राहण्यासाठी नव्हे, असा त्यांचा रोख आहे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे; परंतु दोघांनीही जे गृहीत धरले आहे, ते मला मान्य नाही. ध्यान एकट्याने एकट्यासाठी करायचे आणि करुणा चारचौघांत, हातांनी करायची, अशी वाटणी दोघेही करून मोकळे झाले आहेत. पाली ग्रंथांत ही वाटणी नाही. तेथे करुणा हाच ध्यानाचा एक विषय आहे, ती कशी वाढवायची याच्या पायऱ्या सांगितल्या आहेत आणि ती कोठे बिघडते याचीही नोंद करून ठेवली आहे.

हे मी विद्वत्तेच्या अधिकाराने लिहीत नाही. शासकीय रुग्णालयांत अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) म्हणून लागले आणि परिसेविका (वॉर्डाची प्रमुख सिस्टर) म्हणून निवृत्त झाले. नोकरीचा मोठा काळ मेडिसिन वॉर्डात आणि जळीत कक्षात गेला. निवृत्तीनंतर पाली शिकायला मिळाली, आणि विनयपिटक या भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातील महावग्ग या भागात जे वाचले ते प्रशिक्षणाच्या वर्षांत कोणी दाखवले असते तर फार उपयोगी पडले असते असे वाटले.

प्रसंग असा आहे. आपला शिष्य आनंद याला बरोबर घेऊन भगवान बुद्ध भिक्खूंच्या निवासांची पाहणी करत होते. एका ठिकाणी पोटाच्या विकाराने आजारी पडलेला भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात लोळलेला त्यांना दिसला. तुझी शुश्रूषा करणारे कोणी आहे का, असे विचारल्यावर तो नाही म्हणाला. का नाही, यावर त्याने दिलेले उत्तर मला कोणत्याही सरकारी वॉर्डातले वाटते: माझा इतर भिक्खूंना काही उपयोग होत नाही, म्हणून तेही माझे काही करत नाहीत. बुद्धांनी आनंदाकरवी पाणी आणवले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुऊन काढले. मग बुद्धांनी डोक्याकडून आणि आनंदाने पायांकडून धरून त्याला उचलले आणि मंचकावर निजवले. कोणी डोके धरले आणि कोणी पाय, एवढेसुद्धा लिहिणाऱ्याने सांगितले आहे. जड रुग्णाला दोघींनी मिळून उचलण्याची ज्यांना सवय आहे त्यांना ही नोंद किती नेमकी आहे ते कळेल. त्यानंतर बुद्धांनी सर्व भिक्खूंना एकत्र बोलावून सांगितले, की तुमची सेवा करायला येथे आई नाही, वडील नाहीत. तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी. गोष्ट उपदेशावर संपत नाही. आजारी भिक्खूची जबाबदारी आधी उपाध्यायाची, तो नसेल तर आचार्याची, मग शिष्याची, सहनिवासी भिक्खूची, आणि कोणीच नसेल तर सगळ्या संघाची, असा क्रम लावून दिला आहे आणि ती न पाळणाऱ्यास दोष सांगितला आहे.

त्याच ठिकाणी चांगल्या शुश्रूषकाची पाच लक्षणे दिली आहेत. त्याला औषध तयार करता यावे. रुग्णाला काय मानवते आणि काय मानवत नाही हे त्याला कळावे, आणि न मानवणारे दूर करून मानवणारे त्याने समोर आणावे. त्याने मैत्रीपूर्ण चित्ताने सेवा करावी, काही मिळेल या आशेने नव्हे. मल, मूत्र, थुंकी, ओकारी काढताना त्याला किळस येऊ नये. आणि वेळोवेळी धम्माच्या गोष्टी सांगून रुग्णाला उभारी देता यावी. मैत्रीपूर्ण चित्त औषधज्ञान आणि ओकारी काढणे यांच्या मधोमध ठेवले आहे, हे मला महत्त्वाचे वाटते. तो वेगळा, उदात्त गुण म्हणून शेवटी जोडलेला नाही. कौशल्यांच्या यादीतले ते एक कौशल्य आहे. (जाता जाता सांगायला हरकत नाही, की शुश्रूषा करायला सोप्या रुग्णाचीही पाच लक्षणे पुढेमागे दिली आहेत. आपल्याला अपायकारक ते करत नाही, पथ्यात प्रमाण राखतो, औषध घेतो, दुखणे वाढत असेल तर वाढते आहे, उतरत असेल तर उतरते आहे असे खरेखरे सांगतो आणि वेदना सहन करतो. गोळ्या उशीखाली लपवणारे आणि राऊंडला आलेल्या डॉक्टरांना ‘एकदम बरं आहे’ म्हणणारे रुग्ण त्या काळीही असले पाहिजेत.)

पण मैत्रीपूर्ण चित्त हे कौशल्य असेल, तर ते शिकायचे कसे? याचे सविस्तर उत्तर विशुद्धिमार्गात मिळते. पाचव्या शतकात श्रीलंकेत अनुराधपूरच्या महाविहारात आचार्य बुद्धघोषांनी रचलेला हा ग्रंथ मराठी माणसाला परका असण्याचे कारण नाही. गोव्यातल्या साखवाळ गावी 1876 साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी श्रीलंकेत जाऊन पाली शिकून घेतली, या ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डला जाऊन वर्षे घालवली आणि त्यातला ध्यानाचा विषय मराठीत आणला. या ग्रंथात ध्यानाचे चाळीस विषय आहेत. त्यांत मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखात आनंद) आणि उपेक्षा (येथे अर्थ समचित्तता) हे चार ब्रह्मविहार, म्हणजे मनाच्या उदात्त वृत्ती, येतात.

मैत्रीभावनेची (भावना म्हणजे येथे एखादी वृत्ती सरावाने मनात वाढवणे) सुरुवात स्वतःपासून करायला सांगितली आहे: मी सुखी असो, मी निर्वैर असो. मग ज्यांच्याविषयी सहज आदर वाटतो अशी व्यक्ती, मग ज्याच्याबद्दल ना प्रेम ना राग असा कोणी, आणि सर्वांत शेवटी वैरी. सुरुवातच वैऱ्यापासून करायची नाही, हे स्पष्ट बजावले आहे. तेथे मन लगेच रागात जाते. वैऱ्यापाशी मन अडले तर उपायांची एक लांबलचक मालिकाच दिली आहे. त्याच्या वागण्यात दोष असेल पण बोलणे चांगले असेल तर तेवढेच आठवावे. बोलणेही वाईट असेल तर त्याच्या वाट्याला जे येणार आहे त्याची कीव करावी. आपण नेमके रागावलो कशावर, त्याच्या केसांवर, नखांवर, दातांवर, की हाडांवर, असे त्या माणसाचे विघटन करून पाहावे. आणि इतके करूनही राग जाईना, तर त्याला एखादी वस्तू द्यावी. हा शेवटचा उपाय मला फार आवडतो, कारण बसून विचार करणे जेथे थकते तेथे आचार्य साधकाला आसनावरून उठवून हात पुढे करायला लावतात. डोळे मिटण्याला पळपुटेपणा म्हणणाऱ्यांनी एवढे एक प्रकरण तरी वाचावे.

या पायऱ्या पूर्ण झाल्या की नाही, हे ओळखण्यासाठी बुद्धघोषांनी एक कसोटी दिली आहे. समजा तुम्ही, तुमचा प्रिय माणूस, एक तटस्थ आणि एक वैरी असे चौघे एके ठिकाणी बसला आहात. दरोडेखोर येतात आणि बळी देण्यासाठी एकाची मागणी करतात. ‘या वैऱ्याला न्या’ असे मनात आले तर भेदाच्या सीमा अजून तुटलेल्या नाहीत, हे उघडच आहे. पण ‘यांना सोडा, मला न्या’ असे मनात आले, तरीही त्या तुटलेल्या नाहीत, असे आचार्य म्हणतात. कारण तेथे स्वतःचे अहित इच्छिले आहे. चौघांपैकी एकालाही द्यावेसे वाटत नाही, तेव्हाच मैत्री सिद्ध झाली. स्वतःला जाळून घेणे म्हणजेच सेवा, हे ऐकत वाढलेल्या आम्हा परिचारिकांना, आणि घरोघरी आजारी सासू-सासऱ्यांचे करता करता स्वतःचे जेवणखाण विसरणाऱ्या सुनांना, याहून उपयोगाचे वचन मला माहीत नाही. आपल्याकडे त्यागाचे कौतुक फार, आणि ते बहुधा ज्यांना त्याग करावा लागत नाही तेच करतात.

करुणेबद्दल सांगितलेली गोष्ट तर जळीत कक्षात रोज दिसते. प्रत्येक ब्रह्मविहाराचा एक दूरचा आणि एक जवळचा शत्रू सांगितला आहे. दूरचा शत्रू म्हणजे सरळ उलटी वृत्ती. करुणेच्या बाबतीत ती क्रूरता होय. ती ओळखू येते, म्हणून तिची भीती कमी. जवळचा शत्रू मात्र करुणेसारखाच दिसतो, म्हणून तो अधिक घातक. करुणेचा जवळचा शत्रू आहे शोक, म्हणजे दुसऱ्याचे दुःख पाहून स्वतःच खचून जाणे. उपेक्षेचा, म्हणजे समचित्ततेचा जवळचा शत्रू आहे अज्ञानातून आलेली बेपर्वाई.

नव्याने रुजू झालेली मुलगी पहिल्यांदा जळीत रुग्णाचे ड्रेसिंग करायला उभी राहते. चिकटलेला गॉझ सलाईनने भिजवून सुटा करायचा असतो, घाई केली तर खालची नवी त्वचा निघून येते. रुग्ण ओरडत असतो. मुलीच्या डोळ्यांना धार लागते, हात थरथरतो, आणि शेवटी भाजलेली बाईच तिला म्हणते, ‘ताई, तुम्ही नका रडू, होऊ द्या.’ त्या मुलीचे मन चांगले आहे, यात शंका नाही. पण त्या क्षणी रुग्णाला तिच्या मनाचा नव्हे, स्थिर हाताचा उपयोग असतो, आणि उलट तिला सांभाळण्याचे काम रुग्णावर पडते. हीच मुलगी काही महिन्यांनी दोनपैकी एका वाटेने जाते. एक तर बदली मागते किंवा नोकरी सोडते, नाही तर कातडी जाड करून घेते. मग रुग्णाला नाव उरत नाही. ‘चार नंबरचं ड्रेसिंग झालं का?’, ‘सात नंबर फार कटकट करतो’ अशी भाषा सुरू होते. वॉर्डातल्या मावशी आणि मामा तिला म्हणतात, सिस्टर आता तयार झाल्या. बाहेरून हा तटस्थपणा वाटतो. आतून ती बेपर्वाई असते. शोकाने भाजलेले मन बेपर्वाईच्या आश्रयाला जाते, हे मी स्वतःच्या बाबतीत आणि बरोबरच्या अनेकींच्या बाबतीत पाहिले आहे. या दोन्हींच्या मध्ये तिसरे काही असू शकते आणि ते शिकता येते, हे आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते.

ध्यानाने मेंदू बदलतो अशा बातम्यांवर माझा फारसा भरवसा नाही. त्यांत उत्साह जास्त आणि पुरावा कमी असतो. परंतु एक काम येथे सांगण्यासारखे आहे. जर्मनीत लाइपझिग येथील माक्स प्लांक संस्थेत तानिया सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, रेणवीय जीवशास्त्र सोडून बौद्ध भिक्खू झालेल्या मात्यू रिकार यांच्या सहभागाने, दुसऱ्याची वेदना आपलीशी करून अनुभवणे आणि करुणेची भावना करणे या दोहोंचा वेगवेगळा अभ्यास केला. पहिल्या प्रकारच्या सरावाने लोकांच्या मनातील क्लेश वाढले. त्यानंतर करुणेचा सराव दिल्यावर, समोरचे दुःख तेच असूनही, मनात पुन्हा ऊब आणि बळ आले. शोक आणि करुणा यांचे नाते जवळचे असले तरी त्या दोन वेगळ्या वृत्ती आहेत, असेच बुद्धघोषही सांगून गेले होते.

आता पत्रलेखकांच्या आक्षेपाकडे येते. बाबासाहेबांनी धम्माचा सामाजिक अर्थ पुढे ठेवला, हे खरेच आहे. परंतु त्यांनी समाधी, म्हणजे चित्ताची एकाग्रता, निकालात काढली असे म्हणणे त्यांच्या लिखाणाला धरून नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अष्टांगमार्ग सांगताना त्यांनी नुसती समाधी आणि सम्यक समाधी यांत भेद केला आहे. नुसत्या समाधीत मनातले अडथळे तात्पुरते थांबतात; सम्यक समाधीत मनाला एकाग्रतेच्या काळात कुशल, म्हणजे चांगल्या, गोष्टींचाच विचार करण्याची सवय लागते, आणि अकुशलाकडे जाण्याची ओढ कमी होते. मैत्रीभावना ही याहून वेगळी काय आहे? त्याच ग्रंथात पुढे प्रज्ञेला शीलाची, शीलाला करुणेची आणि करुणेच्याही पुढे मैत्रीची जोड हवी, असा क्रम त्यांनी लावला आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहेच. म्हणून ध्यान की समाज, हा वाद महाराष्ट्रात कितीही जुना असला तरी त्यात बाबासाहेबांना एका बाजूला उभे करू नये असे मला वाटते.

उलट बाजूने लेखकालाही एक सांगायचे आहे. त्यांनी विपश्यनेचा उल्लेख करताना श्वास आणि संवेदना यांवरच भर दिला. आमच्या नाशिक जिल्ह्यात इगतपुरीला धम्मगिरी हे विपश्यना केंद्र 1976 पासून चालू आहे, त्यामुळे शिबिर करून आलेली माणसे येथे घरोघरी भेटतात. ती पहाटे चारची घंटा सांगतात, दुखणारे गुडघे सांगतात, मौन सांगतात. दहाव्या दिवशी, मौन सुटते त्या दिवशी, मंगल मैत्रीची साधना शिकवली जाते, तिची आठवण मात्र क्वचितच कोणी काढतो, कारण तोवर लक्ष घरच्या फोनकडे लागलेले असते. आणि ध्यान नोकरदार माणसाला संसारातून उठवते म्हणणाऱ्यांनी ही विपश्यना शिकवणारे सत्यनारायण गोएंका यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे पाहावे. ते स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते, आणि ते पद सांभाळतच 1952 साली त्यांनी रंगूनला ध्यानकेंद्र उभे केले.

शिबिर सर्वांनाच मानवते असेही नाही. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी ते करू नये, असे शिबिर घेणारेच सांगतात. देहाच्या अशुचितेवरील भावनेने वैशालीतल्या भिक्खूंचे मन जीवनालाच विटले, तेव्हा बुद्धांनी त्यांना तो विषय सोडायला लावून श्वासाची साधना दिली, असे संयुत्तनिकाय या पाली सुत्तसंग्रहात नमूद आहे. मोबाईलवरच्या ॲपला साधकाची अवस्था पाहून असा बदल करता येत नाही, आणि आपल्या लेखात ॲपची शिफारस करताना हा इशारा यायला हवा होता.

शेवटी एक विनंती, आणि तिच्याबरोबर एक अट. परिचर्या शिकवणाऱ्या महाविद्यालयांत शपथविधीच्या दिवशी दिवा हातात देतात, ते चांगलेच आहे. त्याबरोबर महावग्गातली ती पाच लक्षणे आणि विशुद्धिमार्गातली मैत्री-करुणेची पद्धत, धर्म म्हणून नव्हे तर कामाचे कौशल्य म्हणून, प्रात्यक्षिकासह शिकवायला काय हरकत आहे? अट अशी, की ही शिकवण मनुष्यबळाच्या जागी वापरली जाऊ नये. रात्रपाळीला एका परिचारिकेवर सगळा वॉर्ड सोपवायचा, रिक्त पदे वर्षानुवर्षे भरायची नाहीत, आणि तिचा तोल गेला की तणावमुक्तीचे व्याख्यान ठेवायचे, हा प्रकार मी पुरेसा पाहिला आहे. आजाऱ्याची जबाबदारी शेवटी सगळ्या संघावर टाकणाऱ्या नियमाच्या तो थेट विरुद्ध आहे. पदे आधी भरावीत. त्यानंतर प्रत्येक वॉर्डाजवळ परिचारिकांसाठी आतून कडी लागणारी एक स्वच्छ खोली आणि पाळी बदलताना पंधरा मिनिटे मिळाली, तर बाकीचे शिकवायला आमच्यासारख्या निवृत्त परिचारिका विनामोबदला येतील.

कळावे.

आपली नम्र,
एक निवृत्त परिसेविका, नाशिक